एक रेघ आणि खाली सही

ती घटना आठवली की आजही लिहिलेलं खोडताना माझा हात थबकतो. नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि मी महाडला पोलीस निरीक्षक होतो. औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात पाइपाचा जोड फुटला आणि अ‍ॅसिड एका कामगाराच्या तोंडावर उडालं. त्याचा एक डोळा गेला. कारखान्याचे व्यवस्थापक स्वतः शिफ्टचं रजिस्टर घेऊन ठाण्यात आले. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की, एका कंत्राटी कामगाराने कोणाला न विचारता व्हॉल्व्ह उघडला, म्हणून जोड फुटला.

हा कंत्राटी कामगार पोलादपूरकडच्या एका वाडीतला आणि डोळा गेलेला त्याचाच चुलतभाऊ. विचारपूस केली तर मान खाली घालून त्याचं एकच पालुपद, "माझ्याच हातनं झालं, साहेब." झालं, मी खूश! गुन्हा दाखल झाला, अटक झाली, आणि ठाणे दैनंदिनीत मी ठसठशीत अक्षरात लिहून टाकलं, 'आरोपीने गुन्हा कबूल केला.' गुन्हा जामीनपात्र होता, पण वाडीतून जामीन राहायला कुणी फिरकेना. ज्याने सख्ख्यासारख्या भावाचा डोळा घालवला त्याच्यासाठी कोण उभं राहणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको भाकरी घेऊन आली. रडली नाही, हात जोडले नाहीत. सरळ म्हणाली, "ह्यांना वाचाया येत नाय. मास्तरांनी सांगितल्याबिगर ते व्हॉलच्या चक्रीला हात लावत नायत. मास्तरांना इचारा. ते खोटं बोलायचे नायत."

मास्तर म्हणजे त्या शिफ्टचा इन्चार्ज. ख्रिस्ती गृहस्थ, नोकरीसाठी महाडात एकटाच राहायचा. जेवणाच्या सुट्टीत कामगारांना सही करायला शिकवायचा म्हणून मास्तर. कामाला हात घालण्याआधी तो मिनिटभर डोळे मिटून उभा राहायचा, त्यावरून त्याची थट्टाही चालायची. तो रजेवर गेल्याचं मला कारखान्यातून सांगितलं होतं आणि मीही ते गपगुमान ऐकून घेतलं होतं.

बाई गेल्यावर मी रजिस्टर पुन्हा उघडलं. तीन महिन्यांच्या नोंदी, पण शाई एकच, कुठे तेलाचा डाग नाही, एकही खाडाखोड नाही. मनात म्हटलं, अरे लेका, ही तर आपलीच विद्या! राहिलेली दैनंदिनी एका बैठकीत उतरवली की ती अशीच गोमटी दिसते. लगेच हवालदाराला मास्तरच्या खोलीवर पाठवलं, तर तो फाटकातूनच परत आला. मास्तर स्वतःच ठाण्यात येत होता.

व्यवस्थापकांनी त्याला सगळं रजिस्टर नव्याने उतरवून काढायला सांगितलं, त्याने नकार दिला, म्हणून त्याला रजेवर घालवलं होतं. जोड गळतोय हे त्याने दोन दिवस आधी लिहून ठेवलं होतं, पण काम थांबवायचं नाही असा वरून दट्ट्या होता. कामगाराने त्याला दोनदा विचारलं होतं, उघडू का म्हणून. "मीच म्हटलं, उघड," तो म्हणाला.

मी त्याला स्पष्ट सांगितलं की हे लिहून दिलंत तर तुम्हीही आरोपी व्हाल, नोकरी तर जाईलच. त्याने टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला.

"साहेब, रोज प्रार्थनेत मी माझ्या अपराधांची क्षमा मागतो. अपराध दुसऱ्याच्या नावावर टाकून ती कोणत्या तोंडाने मागू?"

व्यवस्थापकांच्या कपाटातून जुनं रजिस्टर पंचांसमक्ष जप्त केलं. मास्तरची एक रीत होती. चूक झाली तर ती गिरगटून टाकायची नाही, वर एक बारीक रेघ मारायची आणि खाली सही करायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते वाचता येतं. अपघाताच्या पानावर लिहिलं होतं, 'कामगाराने परस्पर व्हॉल्व्ह उघडला.' त्यावर रेघ. खाली, 'माझ्या सांगण्यावरून उघडला,' आणि सही. म्हणजे हा माणूसही क्षणभर डगमगला होता, पण डगमगल्याची खूणही त्याने लपवली नव्हती. मी त्याला मनोमन सलाम केला.

कामगाराला मोकळं केलं. व्यवस्थापक आणि मास्तर दोघांना अटक केली. व्यवस्थापकांच्या जामिनाला माणसांची रीघ लागली. मास्तरला जामीन कोण राहणार, हा प्रश्न मला पडला होता. तेवढ्यात सुटलेला कामगार एका म्हाताऱ्याला हाताला धरून घेऊन आला. म्हाताऱ्याच्या हातात सातबारा होता. तो डोळा गेलेल्या पोराचा बाप होता.

"पोराचा डोला काय आता परत येत नाय," तो म्हणाला. "पन माझ्या घरात भाऊ भावाचा वैरी झाला असता, ते मास्तरनं वाचवलं. लिवा माझं नाव."

नोकरीत देवाधर्मावर बोलणारे मला ढीगभर भेटले. धर्म कामाच्या वहीत उतरवणारा हा एकच. म्हाताऱ्याचा अंगठा घेऊन झाल्यावर मी दैनंदिनी ओढली आणि माझ्या त्या ठसठशीत ओळीवर एक रेघ मारली, खाली खरं काय ते लिहिलं आणि सही केली. पुढे तपासणीला आलेल्या वरिष्ठांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ही खाडाखोड कसली?

म्हटलं, "सर, चूक माझी होती." एवढं एक वाक्य बोलायला मला वीस वर्षांची नोकरी लागली.