खाली म्हणजे कुठं

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. रोज संध्याकाळी त्या गॅलरीतून नातवाला ओरडून सांगतात, "खालीच थांब रे, मी येते!" यात घाबरण्यासारखं काही नाही. तरी माझ्या हातातल्या कामाचा धागा तुटतो आणि मी कान देऊन बसते, की यानंतर काही पडल्याचा आवाज येतोय का. पंचवीसएक वर्षं हे चाललंय. नवरा विचारतो, त्या बाईंचं तुला काय एवढं वावडं? त्या बिचाऱ्या बाईंचं काही नाही. माझं भांडण त्या शब्दाशी आहे, आणि भांडणात चूक माझी आहे.

वडील नागपूरकडचे. लखनऊच्या छावणीत एका सरकारी वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी होती आणि आम्ही तेलीबागेत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी. मी दोन्ही भाषा सारख्याच भरभर बोलायचे. आईची हिंदी मात्र शेवटपर्यंत मराठीच राहिली. एकदा तिनं गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारली, "भैया, खाली रुको, मैं आती!" तो आपल्या गाडीकडे बघून दुखावल्यासारखा म्हणाला, "खाली कहाँ है बहनजी, पूरा ठेला भरा है!" आईला खालच्या बाजूला म्हणायचं होतं, त्यानं ऐकलं रिकामा. आमच्या घरात हा विनोद कित्येक वर्षं पुरला. जेवण झालं की वडील ताट दाखवून म्हणायचे, "हे खाली झालं, आता खाली ठेवू का?" आणि आई दर वेळी चिडायची.

नव्वदीची मधली वर्षं होती. मी कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात गार्ड होते. चेंडू पुढं आणायचा आणि कुणाला द्यायचा ते ठरवायचं, हे गार्डचं काम. ठरवायचं कसलं, ठरलेलंच होतं. आमच्यात पाच फूट अकरा इंच उंचीची एक मुलगी होती. ती बोर्डाजवळ हात वर करून उभी राहायची, मी चेंडू उंच फेकायचे, ती पकडायची, वळायची आणि टाकायची. पहिल्या वर्षी एवढ्यावर आम्ही बरेच सामने जिंकलो. दुसऱ्या वर्षी सगळ्या कॉलेजांना आमची ही एकुलती एक कला पाठ झाली. दोघी-दोघी तिला चिकटून उभ्या राहायच्या आणि तिसरी माझा चेंडू मध्येच उडवायची. मी तरी तिलाच द्यायचे. दुसरं काही सुचायचंच नाही.

एकदा वडील सामना बघायला आले. कुंपणाबाहेर स्कूटरवर बसून, शेंगदाणे खात. आम्ही हरलो. घरी जाताना म्हणाले, "मले या खेळातलं ओ का ठो कळत नाही. पण बॉल कुठं जाणार हे मलेबी कळून राहिलं होतं. मंग त्या समोरच्या पोरींले काऊन नाही कळणार?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. खरं बोलल्याचा राग फार दिवस टिकत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी बोलले.

त्या उंच मुलीचं घर जानकीपुरमला होतं, तेव्हा अर्धी घरं आणि अर्धी शेतं अशा वस्तीत. ती एकदा बुटाची नाडी सोडता सोडता मला म्हणाली की तिच्यासाठी मुलगा बघून ठेवलाय. तिच्या पिताजींनी एक सूट दिली होती. फेब्रुवारीत विद्यापीठाच्या संघाची निवड होती. तिचं नाव लागलं, तर लग्न दोन वर्षं पुढं ढकलायचं आणि तिनं खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला उभं राहायचं. नाही लागलं, तर उन्हाळ्यात बँड. मी विचारलं, मुलगा वाईट आहे का? ती म्हणाली, "नहीं यार. हमें शादी से दिक्कत नहीं है. हमें अभी से दिक्कत है."

आणि निवड करणारे बघणार काय? तर दोन मुलींच्या मध्ये सापडलेली, हात वर करून उभी असलेली एक उंच मुलगी. तिला तिथून मोकळं करणं माझ्याच हातात होतं.

जानेवारी उजाडला. लखनऊचं जानेवारीतलं धुकं ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. सकाळी सरावाला गेलो की या टोकाच्या बोर्डावरून त्या टोकाचा बोर्ड दिसायचा नाही. हातवारे करून काय उपयोग? ओरडावंच लागायचं, आणि हिंदीत ओरडलं तर सामन्यात समोरच्यांना फुकटात कळणार. तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. मी मुलींना म्हटलं, आपण मराठीत ओरडू.

तीन शब्द शिकवले. वर म्हणजे मधल्या रेषेकडे, आत म्हणजे बोर्डाच्या पुढ्यात, खाली म्हणजे शेवटच्या रेषेच्या कडेनं, बोर्डाच्या मागच्या अंगाला. 'वर' ऐकल्याबरोबर मुली फिदीफिदी हसायला लागल्या, कारण त्यांच्या हिंदीत वर म्हणजे नवरदेव. जिला वर जायचं असेल तिची चेष्टा. ती उंच मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हमें वर नहीं चाहिए भाई, हमें खाली दो." सगळ्यांत जास्त मी हसले.

खरी गंमत 'खाली'तच होती. मी खाली ओरडले की समोरच्या मुली ऐकणार हिंदी. कुठली तरी बाजू रिकामी आहे असं समजून त्यांची नजर तिकडं जाणार, आणि तेवढ्या वेळात आमची ही मुलगी शेवटच्या रेषेच्या कडेनं खाली सरकून मोकळी होणार. आईनं भाजीवाल्याला फसवलं होतं नकळत, मी जाणूनबुजून फसवणार होते. मला माझ्या हुशारीचा इतका अभिमान वाटला की त्या दिवशी घरी दोन वेळा सांगितलं.

ती रोज सराव संपल्यावर मला थांबवून घ्यायची. तिला खाली इतकं पाठ करायचं होतं की विचार करायची गरज पडू नये. मी मध्यावर उभी, ती पांढऱ्या धुक्यात कुठं तरी. दिसायची नाही. मी ओरडायचे, "खाली!" बुटांचा आवाज यायचा. मी नुसत्या अंदाजानं चेंडू टाकायचे आणि धुक्यातून तिच्या तळव्यांवर तो आपटल्याचा आवाज यायचा. मग तिचं हसणं. वहीच्या मागच्या पानावर तिनं लिहून ठेवलं होतं : वर — ऊपर, आत — अंदर, खाली — नीचे. 'नीचे'खाली दोन रेघा. ती म्हणायची, "तुम बोलोगी तो हम आँख बंद करके जाएँगे." अजूनही स्वप्नात मला ती दिसत नाही. पांढरं धुकं दिसतं, त्यात बुटांचा आवाज येतो, आणि माझ्या हातात चेंडू नसतो.

दोन सामने आम्ही मोठ्या फरकानं जिंकलो. आमच्या खेळाच्या मॅडम म्हणाल्या, "अब तो हमें भी नहीं पता गेंद कहाँ जाएगी." ती तर सुटलीच होती. अंतिम सामन्याला निवड करणारे येणार होते आणि ती इतकी छान खेळत होती की नाव न लागण्याचं काही कारणच नव्हतं.

अंतिम सामना दुसऱ्या एका कॉलेजच्या मैदानावर होता. फेब्रुवारीतलं लख्ख ऊन. सिमेंटचं मैदान, शेवटच्या रेषेला लागूनच बोर्डाचा लोखंडी खांब आणि त्याचा सिमेंटचा चौथरा. आमच्याकडे खांबाला गोणपाट गुंडाळलेलं असायचं, तिथं ते नव्हतं. मी आल्या आल्याच ते पाहिलं होतं. म्हणजे मला माहीत होतं.

शेवटचं मिनिट, एका गुणानं आम्ही मागं. चेंडू माझ्याकडे. ती उजवीकडे, दोघी तिला चिकटलेल्या. आणि मला दिसलं की डावीकडे कुणीच नाही. मैदानाची अख्खी डावी बाजू मोकळी, आणि तिच्या तोंडाशी आमची एक बुटकी मुलगी नुसती उभी. मी तिच्याकडे बघत जिवाच्या आकांतानं ओरडले, "खाली!"

मला म्हणायचं होतं, रिकामं आहे, पळ. हिंदीत. वडील लहानपणापासून मला म्हणायचे, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या क्षणी मला माझा शब्द, माझी खूण, माझी हुशारी, काही म्हणता काही आठवलं नाही. मी आयुष्यभर जिना उतरल्यावर जी भाषा बोलत आले होते ती बोलले.

बुटकी पळाली. मी चेंडू दिला, तिनं टाकला, आत गेला. शिट्टी झाली. आम्ही जिंकलो आणि सगळ्या जणी माझ्या अंगावर येऊन पडल्या. त्या गराड्यातून मला दुसरीकडे शेवटच्या रेषेपलीकडे दोन लांब पाय दिसले. ती खाली गेली होती. मान मागं वळवून, चेंडूची वाट बघत, चौथऱ्याकडे न बघता. चेंडू येणारच, अशा भरवशानं.

गुडघ्यातलं काही तरी तुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पळणार नाही. रिक्षात घालताना मॅडमनी तिला विचारलं, "सब बाएँ भाग रहे थे, तुम उधर क्यों गईं?" ती पांढऱ्या ओठांनी म्हणाली, "हमने गलत सुन लिया, मैम." मी तिथंच, दोन हातांवर, उभी होते. वाकून बुटाची नाडी बांधली. नाडी सुटलेली नव्हती.

विद्यापीठाच्या यादीत माझं नाव लागलं. ऐन वेळी डोकं चालवणारी मुलगी, असं कुणी तरी म्हणालं म्हणे.

पंधरा दिवसांनी मी गजकचं, म्हणजे तीळगुळाच्या वड्यांचं, पाकीट घेऊन टेंपोनं जानकीपुरमला गेले. ती पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये. तिच्या आईनं चहा आणला, अमरूद म्हणजे पेरू कापून दिले. आई आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "एक बात पूछें? हम उसी दिन से सोच रहे हैं. तुमने खाली ही बोला था ना? कि हमारे कान बजे?"

एक शब्द होता. हो. किंवा हाँ. दोन्ही भाषांत केवढासा. मी सांगितलं असतं तर तिला निदान एवढं तरी कळलं असतं की तिची चूक नव्हती, ती बरोबर ऐकून बरोबर गेली होती. मी चहाच्या कपात बघून म्हटलं, "शोर बहुत था."

तिनं बशी पुढं ओढली. मग म्हणाली, "तो कान ही बजे होंगे." आणि मला अमरूदवर काळं मीठ घालून दिलं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही नाही. तरी मी अमरूद खाल्लं.

मे महिन्यात तिचं लग्न झालं. सकाळी विदाईच्या वेळी बायका रडत होत्या, दारात फुलांनी मढवलेली गाडी उभी होती. घराला तीन पायऱ्या. जाड घुंघट छातीपर्यंत ओढलेला, त्यामुळं तिला जमीन दिसत नव्हती, आणि गुडघा धड वाकत नव्हता. तिच्या आईनं मला पुढं केलं, हात पकड म्हणाली. मी पकडला. पहिल्या पायरीशी ती थबकली आणि घुंघटातून तिनं विचारलं, "खाली?"

मराठीत. दोन रेघांचं.

"खाली," मी म्हटलं. तिनं पाय टाकला.

"खाली?"

"खाली."

तिसऱ्या पायरीवर ती थांबली. या वेळी विचारलं नाही. माझा हात जरा घट्ट धरला आणि म्हणाली, "उस दिन भी ऐसे ही बोला था ना तुमने."

"हो," मी म्हटलं. मग सगळंच बोलले. हो, मीच ओरडले होते, तू बरोबर ऐकलंस, चुकले मी, त्या दिवशी तुझ्या घरी खोटं बोलले. भरभर, मराठीत की हिंदीत ते आता मलाही सांगता येणार नाही. पण ती शेवटच्या पायरीवर आलेली बघून बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली होती. घुंघट हलला नाही. दोन बायकांनी तिला माझ्याकडून घेऊन गाडीत बसवलं.

तिनं ऐकलं का, मला माहीत नाही. या वेळी खरंच शोर खूप होता.