तिसऱ्या प्रकरणानंतरची माणसं

छापखान्यात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. ‘काना-मात्रा’ म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि एके दिवशी तिनेही ओ दिली. मग काय, तेच नाव चिकटलं.

सव्वीस वर्षं ती तिथे प्रूफं तपासत होती. बाइंडिंगच्या खोलीला लागून एक चिंचोळी जागा, तिथे एक टेबल, एक पंखा आणि एक खिडकी. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. दिवसभर खळीचा वास. सकाळी मान खाली घालायची, ती संध्याकाळी वर काढायची. चूक सुटली असं सव्वीस वर्षांत दोनदाच झालं होतं, आणि त्या दोन्ही चुका तिला पान क्रमांकासकट पाठ होत्या.

राहायला भावाकडे. लग्न जमलं नाही, मग जमवायचं राहिलं, मग विषयच संपला. धान्याचे डबे आणि शिलाई मशीन यांच्या मधे तिची कॉट. घरात कुणी तिच्याशी वाईट वागत नसे. तेवढं लक्षच कुणी देत नसे.

छापखाना चालायचा तो एका गुप्तहेर मालेवर. वर्षाला एक, कधी दोन पुस्तकं, अशी एकोणतीस तिच्या हाताखालून गेली होती. लिहिणाऱ्याला सगळे ‘खुनी साहेब’ म्हणत, अर्थात तो नसताना. मालेतला गुप्तहेर वाचकांच्या गळ्यातला ताईत, पण तिला मुळीच आवडत नसे. “सगळं कळतं मेल्याला,” ती बाइंडरला म्हणायची, “पण समोर थरथरणाऱ्या माणसाला कधी पाणी विचारलंय?”

तिचा जीव अडकायचा तो तिसऱ्या प्रकरणात येऊन जाणाऱ्या माणसांत. अकराव्या पुस्तकात एक नर्स होती. घाबरून वेळ चुकीची सांगितली म्हणून मेट्रनने सगळ्यांदेखत तिचे वाभाडे काढले, ती रडत जिना उतरली, आणि पुढे पुस्तकात तिचा ठावठिकाणा नाही. चौदाव्यात एक पहारेकरी. संशयावरून पोलिसाने त्याच्या थोबाडीत मारली. तो निर्दोष ठरला, पण माफी कुणी मागितली नाही. खुनी सापडला की सगळे खूश. पण त्या नर्सचं काय झालं? जिना उतरून पुढे कुठे गेली ती?

एका रविवारी तिने रद्दी प्रूफांचे पाठकोरे कागद शिवून वही केली आणि त्या पोरीला एका लहान गावातल्या दवाखान्यात नोकरी लावून दिली. तिथला कंपाउंडर तोतरा. त्याच्याशी लग्न लावलं. हिरव्या दाराचं दोन खोल्यांचं घर दिलं, मुलगी दिली. कंपाउंडर साऱ्या जगाशी बोलताना अडखळायचा. लेकीला झोपवताना गाणं म्हणायचा, तेव्हा मात्र एक शब्द अडत नसे. हे लिहून झालं आणि तिला किती तरी महिन्यांनी पोटभर जेवण गेलं.

मग पहारेकऱ्याला शाळेच्या फाटकावर नेमलं. मुलं त्याला आबा म्हणू लागली. त्या पोलिसाचा मुलगाही त्याच शाळेत घातला, आणि रोज दुपारी आबाच्या माठातलं पाणी त्याला प्यायला लावलं. असं करत करत बारा-तेरा संसार उभे राहिले.

खुनी साहेब छापखान्यात क्वचितच येत. त्या दिवशी आले, तर मालक बाहेर गेलेले आणि धड चालणारा पंखा हिच्याच खोलीत. ही चहा घेऊन परतली तो साहेब तिच्या खुर्चीत बसलेले, हातात वही.

“हे कुणी लिहिलं?”

तिने चहा टेबलावर ठेवला. “मीच. उगीच आपलं... चुकलं असेल तर माफ करा.”

“माझ्या माणसांची परस्पर लग्नं लावता होय!” साहेब हसले. “अहो बाई, हे मला जन्मात सुचलं नसतं. नेऊ का?”

त्यांनी किडनी मागितली असती तरी तिने दिली असती. आठ महिने ती हवेत होती. आपल्या नर्सला साहेबांच्या हातून छापील घर मिळणार!

तिसाव्या पुस्तकाची प्रूफं आली. पहिल्याच पानावर एक तोतरा कंपाउंडर पोलिसांना फोन करतो आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. हिरवं दार उघडं आहे. दारामागे नर्स पडली आहे, गळा आवळलेली. पाळण्यातली मुलगी जागी आहे. ‘गळ्याभोवती’ या शब्दातला भ चुकून घ झाला होता. तिने तो सुधारला, पेन्सिल नीट जागेवर ठेवली, आणि मोरीत जाऊन ओकली.

पुस्तक हातोहात खपलं. महिन्यात दुसरी आवृत्ती. लोक म्हणाले, इतकं रडवणारं पुस्तक साहेबांनी आजवर लिहिलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी ती साहेबांच्या घरी गेली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरी न बोलावता. उभ्या उभ्याच विचारलं, “तिला का मारलंत?”

साहेब सफरचंद कापत होते. “अकराव्या पुस्तकात मारली असती तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. तेव्हा ती नुसती एक नर्स होती. घर तुम्ही दिलंत, नवरा तुम्ही दिलात, लेक तुम्ही दिलीत. मारण्याजोगी तुम्ही केलीत तिला.”

“माझी वही द्या.”

“ही घ्या की. मी उतरवून घेतलीय.” त्यांनी एक फोड तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही, तशी स्वतःच्या तोंडात टाकली. “बसा. मालक आता प्रूफं संगणकावर तपासून घेणार आहेत. तुमची जागा जाणार. मी त्यांना म्हटलं, बाई मला लागतात. आणखी लिहा. जितकं सुखी करता येईल तितकं करा त्यांना. पुढचं मी बघतो.”

“मला नाही जमायचं.”

“घाई नाही,” साहेब म्हणाले.

घरी तिने जागा जाणार एवढंच सांगितलं. भाऊ वर्तमानपत्रातून वर पाहून ‘अरे’ म्हणाला. वहिनी मात्र खुलली. “बरंच झालं ताई! तुम्ही दिवसभर घरी, म्हणजे भांड्यांच्या बाईला उद्यापासून नको म्हणते. कॉट नि मशीन हलवून तिथे मुलाचं टेबलही बसेल. तुम्हाला काय, स्वयंपाकघरात ऐसपैस जागा आहे.”

सोमवारी ती टेबलाशी बसली आणि लिहायला लागली.

आधी तिने चलाखी केली. पहारेकऱ्याला नोकरी दिली, पगार दिला, बस्स. आबा नाही, माठ नाही. कागद परत आले, वर साहेबांचा शेरा: ‘पाणचट. याला मारून कुणाच्या डोळ्यात पाणी येणार? वहीत होतं तसं करा, त्याहून भरघोस.’ मग तिने आबा दिला, माठ दिला, सात किल्ल्यांचा जुडगा दिला आणि प्रत्येक किल्लीला एकेका मुलाने ठेवलेलं नाव दिलं. पहारेकरी शाळेच्या वार्षिक तपासणीच्या दिवशी फाटकाशीच मेला.

ती प्रूफं तपासताना तिला ओकारी आली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती वेगळ्याच कारणाने: साहेबांनी किल्ल्या पाचच ठेवल्या होत्या. तिने तडक फोन लावला. “सात हव्यात. शेवटची दोन नावं सगळ्यात लहान मुलांनी ठेवलेली आहेत. ती गेली तर त्याच्या मरण्यात जीव राहत नाही.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. मग साहेब म्हणाले, “करा सात.”

बत्तिसाव्या पुस्तकाला वहीतल्या घड्याळवाल्याची पाळी आली. या वेळी तर तीच साहेबांकडे गेली, न बोलावता. “त्याला एक बहीण देऊ,” ती खुर्चीत बसत म्हणाली. “रुसून गेलेली. वीस वर्षांनी घरी आलेली. आणि केव्हा आलेली? आदल्या दिवशी. एकच संध्याकाळ दोघांनी एकत्र जेवायचं.”

साहेबांनी चष्मा काढला. “बाई,” ते म्हणाले, “तुमच्यापासून जपूनच राहायला हवं.”

इतकं कौतुक तिचं उभ्या जन्मात कुणी केलं नव्हतं. त्या संध्याकाळी वहिनीसुद्धा म्हणाली, “आज स्वारी भलतीच खुशीत दिसते.” आता मुलाच्या टेबलाचा विषय घरात कुणी काढत नसे.

वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायचं कामही मालकांनी तिच्याकडेच सोपवलं. बहुतेकांना ठरलेल्या चार ओळी जात. एक दिवस एक पत्र आलं, अक्षर थरथरतं, कागद दवाखान्यातल्या ताप नोंदवायच्या तक्त्याचा, मागून कोरा. लिहिणारा लिफ्ट चालवणारा होता, सात महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेला. ‘सातव्या पुस्तकात चिठ्ठी पोचवून जाणारी टपालवाली आहे,’ त्याने लिहिलं होतं. ‘ती पुढे येत नाही. मी पडल्या पडल्या तिचा विचार करतो. मी ठरवलंय की ती पोहायला शिकली. पहाटे तळ्यावर जाते. तिचे म्हातारे वडील काठावर टॉवेल घेऊन बसतात, ती बाहेर आली की तिच्या खांद्यावर टाकतात. हल्ली तुम्ही जुन्या माणसांना मारता, म्हणून भीती वाटते. ती जिवंत आहे एवढंच कळवा. दुसरं काही मागणं नाही.’

तिने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात होती. वडील, काठ आणि टॉवेल यांच्याखाली तिने रेघ ओढली. कडेला बारीक अक्षरात लिहिलं: ‘टॉवेल ठेवाच. वडिलांना पोहता येत नाही, असं घालावं.’ आणि पत्र साहेबांकडे जाणाऱ्या पाकिटात सरकवलं.

आजाऱ्याला तिने स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं, ठरलेल्या चार ओळींहून मोठं. ‘टपालवाली सुखरूप आहे. साहेबांना तुमचं पत्र फार आवडेल. असंच सुचत गेलं तर कळवत राहा, संकोच करू नका.’

त्याने कळवलं. एकूण चार पत्रं आली, दरवेळी अक्षर आणखी मोठं आणि वाकडं. वडिलांचं नाव, तळ्याच्या पायऱ्या, टॉवेलचा रंग.

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत तिने दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवली. आत साहेबांची सही घेतली होती, आणि टपालवाली बुडते त्या सातव्या पानावर खूण म्हणून दोरा घातला होता, त्याला शोधत बसावं लागू नये म्हणून. तिथल्या नर्सने त्याला ते वाचून दाखवलं की पुस्तक पोचण्याआधीच तो गेला होता, हे तिला कळलं नाही. पाचवं पत्र आलं नाही, तेव्हा तिने मालकांना विचारलं, “असं सुचणारी आणखी कुणाची पत्रं आहेत का हो?”