नवा ब्राउझर आणि विंझरचा अर्ज

भोरमध्ये मी सत्तावीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. टायपिंग शिकायला कुणी येईना, तेव्हा मशिनी विकून दोन संगणक घेतले, टेलिफोनच्या लाइनवर इंटरनेट आणलं आणि पाटी नव्यानं रंगवून घेतली. गावात मला सगळे मास्तर म्हणत. अर्ज कसा लिहायचा, त्याला काय जोडायचं, हे माणसं मला विचारत. मी एकदा सांगितलं की दुसरीकडे कुणी विचारायला जात नसे. याचा मला अभिमान होता.

सरकारी अर्ज तेव्हा नुकतेच संगणकावर भरायला लागले होते. एका सकाळी पडद्यावर सूचना आली की ब्राउझरची, म्हणजे ज्यातून इंटरनेटची पानं उघडतात त्या प्रोग्रॅमची, नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का? मी होय म्हटलं. ती उतरायला अख्खा दिवस लागला. मध्येच त्यानं विचारलं, जुनी आवृत्ती जपून ठेवायची का. संगणकात जागा कमी होती, म्हणून मी नको म्हटलं. दुसरा संगणक तेव्हा दुरुस्तीसाठी पुण्यात पडून होता.

दोन दिवसांनी विंझरहून एक बाई आल्या. नसरापूरला एसटी बदलून पावणेदहाला माझ्या दारात. नर्सिंगच्या प्रशिक्षणाचा अर्ज भरायचा होता. उद्या शेवटची तारीख, आणि पुढच्या वर्षी त्या वयाच्या अटीत बसणार नव्हत्या. सासऱ्यांनी मोठ्या मिनतवारीनं हो म्हटलं होतं. सगळी माहिती त्यांनी वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात आधीच उतरवून आणली होती.

साइट उघडली, पण मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत होते. अंदाजानं रकाने भरले. शेवटचं बटण दाबलं तर काहीच होईना. वर एक पिवळी पट्टी आली, काहीतरी अडवलं आहे असं इंग्रजीत सांगणारी. ती दाबली की भरलेलं सगळं पुसलं जाई. संगणक बंद करून चालू केला. जुनी साठलेली पानं काढून टाकली. ब्राउझरमधली सुरक्षेची पातळी एकेक पायरी खाली आणली. परवापर्यंत हीच साइट माझ्याकडे नीट चालत होती. काय झालं ते मला तासाभरात कळलं होतं. क्लासमध्ये मी मुलांना सांगायचो की दोष मशिनीचा नसतो, बोटांचा असतो. आता बोट माझं होतं.

दुपारी चार वाजता बाईंना मी सांगितलं, साइट बंद आहे, उद्या या.

त्या गेल्यावर नवी आवृत्ती काढून टाकायचा प्रयत्न केला. जुनी ठेवलेलीच नव्हती, त्यामुळे ती निघेना. एका मासिकाबरोबर आलेली सीडी कपाटात होती, तिच्यात वेगळ्या कंपनीचा ब्राउझर होता. तो घातला. त्यात अक्षरं दिसली, तेव्हा मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पावणेदहालाच आल्या. सीडीवरच्या ब्राउझरमध्ये अर्ज भरत गेलो तो तालुक्याच्या रकान्यापाशी अडकलो. यादी उघडेचना. वेल्हे हा विंझरचा तालुका निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं आणि तो निवडायची सोय नव्हती. ती साइट फक्त मी काढून टाकलेल्या जुन्या ब्राउझरसाठी बनवलेली होती.

आणि जुना ब्राउझर गावात होता. बाजारपेठेच्या खालच्या टोकाला माझ्याच एका विद्यार्थ्यानं वर्षभरापूर्वी इंटरनेटचं दुकान काढलं होतं. तिशीतला माणूस, दर ईदला मला शीरखुर्मा आणून देणारा. त्याचा संगणक इतका जुना की नवी आवृत्ती त्यात मावलीच नसती. मला हे ठाऊक होतं, कारण त्याला मी त्यावरून चिडवलं होतं.

दीडच्या सुमाराला बाईंनी विचारलं, "मास्तर, खालच्या दुकानात जाऊन बघू का?"

"तिथंही तेच दिसणार," मी म्हणालो. "साइटच बंद आहे."

त्या पुन्हा बाकावर बसल्या. चार वाजता गाडी होती, तोवर बसल्या, मग वहीचं पान घडी करून घेऊन गेल्या.

दोन दिवसांनी तो विद्यार्थी सहज आला. चहा घेता घेता म्हणाला, "मास्तर, तुमी सायट बंद हाय म्हनत व्हता म्हनं. म्या त्याच दुपारी चार अर्ज धाडले की. एक तर विंझरच्याच पोरीचा." त्यानं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मी विषय बदलला.

इथवरची गोष्ट निदान घाबरून केलेली होती. पुढची तशी नाही. आठवड्यानं बाईंचे यजमान आले. गावातल्या दुसऱ्या मुलीचा अर्ज गेला, मग हिचा का नाही, असं घरात सासूबाई विचारत होत्या. ते दारातच उभे राहिले आणि आमची मंडळी इथं आली होती का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "आल्या होत्या, पण फार उशिरा आल्या."

मान हलवून ते गेले. पुढे विंझरचा एक दुकानदार झेरॉक्सला आला तेव्हा कळलं, की ती बाई दोन दिवस भोरात भटकत होती असं तिच्या घरी ठरलं आहे आणि तिला आता एकटीला गावाबाहेर पाठवत नाहीत.

मी तीन वर्षं गप्प राहिलो. माझं दुकान कायमचं बंद केल्यावर एक दिवस नसरापूरला गाडी बदलून विंझरला गेलो. यजमान ओसरीवर होते, बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. जे झालं ते दोघांसमोर सांगितलं. बाई म्हणाल्या, "तोंडी नको. लिवून द्या. सासूबाईंना वाचून दावीन. माजी लेक मोटी झाली की तिला बी दावीन."

त्यांनी वही दिली. मी लिहिलं, की या बाई दोन्ही दिवशी सकाळी पावणेदहाला आल्या, दोन्ही दिवशी दुपारी चारपर्यंत बसल्या, आणि तांत्रिक अडचणीमुळे त्यांचा अर्ज जाऊ शकला नाही. खाली सही केली.

त्यांनी ते उभ्यानं वाचलं आणि वही माझ्यापुढे परत ठेवली.

"अडचन खालच्या दुकानात न्हवती," त्या म्हणाल्या. "तुमी मला जाऊ दिलं न्हाई. तसं लिवा."

मी ती ओळ खोडली आणि तसं लिहिलं.