भात झोडायला गेलेलं संग्रहालय

आमच्या भिसेगावात इतिहास मंडळ आहे हे निम्म्या भिसेगावाला माहीतच नाही. उरलेल्या निम्म्यांना ते भजनी मंडळ वाटतं. वर्गणी मागायला गेलो की विचारतात, "पखवाजावर कोन असतो रं?" मी सांगतो, "मीच," आणि तोंडाने दोन आवर्तनं वाजवून दाखवतो. वर्गणी मिळते.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमचे गुरुजी. शाळेत मला इतिहास शिकवायला होते. त्यांचं प्रत्येक वाक्य "बरं का, आणि हे लिहून घ्या" असं संपायचं. बाजारातसुद्धा. "मेथीच्या दोन जुड्या दे, बरं का, आणि हे लिहून घ्या." भाजीवाली बिचारी पेन शोधायची. वर्गात मी मागच्या बाकावरून त्यांचा आवाज काढायचो, तेव्हा ते फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, "हा जो कोणी मी आहे, त्याने उभं राहावं." निवृत्त झाल्यावर त्यांनी मंडळ काढलं आणि मला घरी येऊन चिटणीस केलं. म्हणाले, माझा घसा दगा देतो, तुझा देत नाही. तिसऱ्या होत्या काकू, गुरुजींच्या पत्नी. पोस्टात नोकरी झालेली, अक्षर मोत्यासारखं, आणि चहा असा की समोरचा माणूस सभा संपेपर्यंत जागा राहतो. कार्यकारिणी म्हणजे आम्ही तिघंच. ठराव कायम एकमताने, कारण गुरुजी मतदानाच्या वेळी काकूंकडे बघायचे आणि काकू माझ्याकडे.

बाजाररस्त्यावर शेटची एक शटरवाली खोली रिकामी पडली होती. शेटही गुरुजींचाच विद्यार्थी, इतिहासात दोनदा नापास झालेला. त्याने खोली वापरायला दिली आणि गुरुजींनी तिथे संग्रहालय काढायचं ठरवलं. उन्हाळ्यात आम्ही टेंपो घेऊन गावोगाव फिरलो. मला वाटलं होतं, लोकांच्या हातापाया पडावं लागेल. कसलं काय! लोक टेंपोपर्यंत वस्तू स्वतः आणून देत होते. लोधिवलीच्या माझ्या सख्ख्या मावशीने सुपं दिली, टोपल्या दिल्या, भात झोडायची फळी दिली, वर विचारलं, "आनखी जागा हाय काय रं?" ठाकुरवाडीकडच्या एका घरातून बांबूची कणगी मिळाली, एवढी मोठी की मी आत उभा राहून टेंपोत बसलो. काकूंनी एकेका वस्तूसाठी कार्ड लिहिलं आणि भिंतीवर लावलं. 'सूप. पूर्वीच्या काळी भात पाखडण्यासाठी वापरत.' 'कणगी. पूर्वीच्या काळी भात साठवण्यासाठी वापरत.' 'पूर्वीच्या काळी' हे शब्द गुरुजींना फार आवडायचे. ते आले की वस्तू आपोआप जुनी दिसते, म्हणायचे.

मग आम्ही समुद्राकाठच्या एका गावातलं इतिहास मंडळ बघायला गेलो. तिथेच सगळा घोटाळा झाला.

त्यांचं काम लई भारी. कौलारू घरात गंजलेला नांगर, म्हणजे बोटीचा नांगर, आपला बैलांचा नव्हे. जुनी जाळी, होकायंत्र, एका देवमाशाचं हाड. दर रविवारी संध्याकाळी वाळूवर बसून म्हातारे कोळी वादळांच्या गोष्टी सांगतात आणि पोरंटोरं लिहून घेतात. त्यांच्या अध्यक्ष बाई जन्मभर लाटांच्या वर आवाज चढवून बोललेल्या. कानात सांगितलेली गोष्टसुद्धा पुढच्या बंदरावर ऐकू जाईल. त्यांनी आम्हाला सगळं दाखवलं आणि विचारलं, "तुमच्याकडे काय आहे? समुद्र तर नाही."

गुरुजींना ते लागलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात उभे होते, तिथूनच भाषण सुरू केलं. "बाई, पाताळगंगा आमच्या खालापुरातून वाहत तुमच्या खाडीत येते. येताना आमचा डोंगर घेऊन येते. तेव्हा तुमच्या किनाऱ्यावरची निम्मी वाळू आमची आहे, बरं का, आणि हे लिहून घ्या."

"मग घेऊन जा की परत," बाई म्हणाल्या. "सीटखाली जागा आहे ना गाडीत?"

तेवढ्यात लाट आली आणि गुरुजींची दुमडलेली पँट कमरेपर्यंत इतिहासजमा झाली. पण माणूस मागे हटला नाही. ओल्या पँटीत उभं राहून त्यांनी समोरच्यांना आमंत्रण दिलं. "दिवाळी झाली की या. खोली भरून वस्तू आहेत आमच्याकडे. पाय ठेवायला जागा नाही."

आणि त्यांनी येणार म्हणून कळवल्यावर इकडे शेटच्या भाच्याला मोबाईलचं दुकान टाकायची हुक्की आली. शेट संग्रहालयात येऊन उंबऱ्यातच उभा राहिला.

"गुरुजी, तुमी मला शिकवलंय म्हनून इतके दिवस गप हाय. पन बघायला येतं कोन हितं? परवा डोकावलो तर आत एक मांजर व्हतं, तेपन झोपल्यालं."

"रविवारी पाहुणे येतायत. समुद्रावरून," गुरुजी म्हणाले.

"मंग मीपन येतो. खोली भरल्याली दिसली, मान्सं बघतायत असं दिसलं, तर ऱ्हावा खुशाल. नायतर सोमवारी शटरला माझं कुलूप."

गुरुजी त्या रात्री जेवले नाहीत, असं काकूंनी सांगितलं. त्यांचं घर लहान. सुनेने आधीच बजावलं होतं की एक जरी टोपली घरात आली तर मी माहेरी जाईन. खोली गेली की मंडळ गेलं. मला ते कुणी सांगायला नको होतं. त्यांचा घसा त्याच दिवशी बसला.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. टेंपो घेऊन, मुलाला घेऊन.

"माझी सुपं काढ रं."

"मावशी, ती संग्रहालयात आहेत."

"हां, मंग तितूनच काढ."

"अगं, पण कशाला?"

"भात झोडायला घेतलंय. भूस काय तोंडानं फुंकू?"

गुरुजी पुढे आले आणि बसलेल्या आवाजात म्हणाले, "पण ताई, कार्डावर स्पष्ट लिहिलंय, पूर्वीच्या काळी वापरत."

"मंग बरोबरच लिवलंय की," मावशी म्हणाली. "गेल्या वर्सीच वापरली व्हती."

मावशीची फळी गेली, सुपं गेली, टोपल्या गेल्या. मग बातमी पसरली की संग्रहालय वस्तू परत देतंय. नाही कोण म्हणणार? मालकाला त्याचं सूप नाकारायचं कुठल्या तोंडानं? कणगीवाला भाऊ आला, "भात आलंय, कुठं वतू?" म्हणाला आणि कणगी डोक्यावर घेऊन चालता झाला. मागून पाहिलं तर कणगीलाच पाय फुटलेत. शनिवारी सकाळी खोलीत फक्त जातं उरलं, कारण ते कुणाला उचललं गेलं नाही. बाकी भिंतभर कार्डं आणि त्यांच्याखाली स्वच्छ, झाडलेली फरशी.

गुरुजींनी मला कोपऱ्यात घेतलं. "माझ्या आवाजात तूच फोन कर सगळ्यांना. रविवारपुरत्या वस्तू द्या म्हणावं."

मी पहिला फोन मावशीलाच लावला. "नमस्कार, मी गुरुजी बोलतोय, बरं का. रविवारपुरती सुपं मिळाली तर मंडळावर उपकार होतील, आणि हे लिहून घ्या."

"नमस्कार गुरुजी," मावशी गोड आवाजात म्हणाली. "सुपं नाय मिळनार, खळ्यावर ढीग पडलाय. आनी त्या माझ्या भाच्याला सांगा, दुसऱ्याचा आवाज काढायचा तर आदी दुसऱ्याचा फोन तरी घ्यायचा. हितं त्याचा फोटू दिसतोय, दात काढल्याला."

रविवारी मिनीबस आली. बाई उतरल्या, मागोमाग त्यांची मंडळी. शेट आपल्या जुन्या स्कूटरवरून आला. त्या स्कूटरचा धूर असा, की आधी धूर पोचतो, मग शेट. भाचा तर आधीच आत शिरून टेपने भिंत मोजत होता. गुरुजींचा घसा पार गेलेला, म्हणून बोलायचं मला होतं.

बाईंनी पहिलं कार्ड वाचलं, खाली फरशीकडे पाहिलं. "कणगी कुठाय?"

"भात साठवतेय," मी म्हणालो.

"आणि सूप?"

"पाखडतंय."

"टोपल्या?"

"त्याही कामावर गेल्यात."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. शेट मिशीत हसला. गुरुजींनी मला पाठीत बोट टोचलं आणि श्वासाच्या आवाजात म्हणाले, "काहीतरी कर." मला काय येतं? मी प्रत्येक कार्डासमोर उभा राहून त्या त्या वस्तूचा आवाज काढायला लागलो. सुपात भात उडतो तो सळसळाट. फळीवर पेंढी आपटते तो धपाका. मुसळ उखळात पडतं तेव्हाचा आवाज आणि त्याबरोबर कांडणाऱ्या बाईचा हुंकार. पाहुण्यांना मजा यायला लागली. एका आजोबांनी तर फर्माईश केली.

"आणि हा कशाचा?" बाईंनी विचारलं.

"हा मी नाही. मांजर आहे खिडकीत."

सगळे हसले, पण भाचा म्हणाला, "मामा, हितं काउंटर बसल." खोली रिकामी आहे हे काही आवाजाने झाकलं जात नव्हतं. मग गुरुजी पुढे झाले. त्यांनी बाईंना हात जोडले आणि उरलासुरला घसा खरवडून म्हणाले, "वस्तू लोधिवलीला आहेत. तुमच्या परतीच्या वाटेवरच. बघायच्या असतील तर चला. इथे काही नाही."

एवढं आखूड भाषण त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. लिहून घ्या पण म्हणाले नाहीत.

पुढे मिनीबस, मागे धुरातून शेट, अशी आमची वरात चौक गावावरून लोधिवलीला पोचली. मावशीच्या खळ्यावर झोडणी जोरात होती. एका बाजूला उभा पंखा, त्याची वायर थेट घरातून आणलेली, आणि पंख्यासमोर मावशी सूप उंच धरून भात सोडत होती. बाईंनी पदर खोचला, "द्या मला," म्हणाल्या आणि पंख्याच्या बरोबर समोर तोंड करून सूप रिकामं केलं. सगळं भूस उलटं येऊन त्यांच्या केसांत. उरलेलं त्यांच्या मागे उभ्या शेटच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"अगो, आमच्याकडे वाळू जाते केसांत," बाई ओरडल्या, "हे त्यापेक्षा हलकं आहे!"

मग काय, जो तो सूप मागायला लागला. देवमाशाचं हाड सांभाळणारे आजोबा पेंढी आपटत होते. मावशी खूश. फुकटची माणसं लागली कामाला.

शेट अंग खाजवत मावशीला म्हणाला, "बाय, येवढी लागतात तर मुझियममदी दिलीच कशाला व्हती ही सामानं?"

"घरात ठेवली की उंदीर कुरतडतात नाय काय?" मावशी म्हणाली. "तुमच्या खोलीला शटर हाय. उंदीर शिरत नाय. आमाला वाटलं, गुरुजींनी गरिबांसाठी गोडाऊन काढलंय. लय पुण्याचं काम."

गुरुजी पेंढ्याच्या भाऱ्यावर खाली बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो.  काकूंनी न विचारता त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

शेट मात्र विचारात पडला होता. गुरुजींसमोर उकिडवा बसून हळूच म्हणाला, "म्हंजे बगा, वस्तू मालकाचीच ऱ्हाते?"

गुरुजींनी मान डोलावली.

"पायजे तवा न्यायची, काम झालं की परत आनून ठेवायची?"

पुन्हा मान.

"आनी घरच्यांनी इचारलं तर सांगायचं, मुझियमला दिलीय. इषय संपला?"

"शेट, काय ठेवायचंय तुम्हाला?" मी विचारलं.

त्याने वळून स्कूटरकडे पाहिलं. "बायको रोज भंगारवाल्याला हाक मारते रं. धूर घरात येतो म्हनते. अरे, तिला बघायला ह्याच स्कूटरवरून गेलो व्हतो मी! उंद्या येनार हाय भंगारवाला. बंद पडली म्हनून सांगतो तिला, मुझियमला देऊन टाकली म्हनून सांगतो. खोली तुमची. स्कूटर मदोमद."

गुरुजींचे डोळे चमकले, पण नियम तो नियम. "पेट्रोल काढून ठेवावं लागेल."

"पेट्रोल काढलं तर मी चालवू कशी?"

"संग्रहालयातली वस्तू चालवायची नसते."

"मंग ही सुपं चालतायत ती?"

गुरुजी मावशीच्या हातातल्या सुपाकडे बघायला लागले. बाई पंख्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, "गुरुजी, हो म्हणा! आमचा नांगर कुणी एकदा जरी परत नेला असता ना, मी पेढे वाटले असते!" आणि गुरुजी हो म्हणाले.

सोमवारी शटरला कुलूप लागलं नाही. भाच्याने टेप गुंडाळली. स्कूटर जात्याशेजारी उभी राहिली, आणि शेट रोज सकाळी "पाहनी करतो" म्हणून येऊन तिच्यावरून नदीपर्यंत चक्कर मारू लागला. मंडळाच्या इतिहासात रोज येणारा तो पहिला प्रेक्षक.

पुढच्याच आठवड्यात शेटाणी आली. एकटीच, पर्स घेऊन. शेट नुकताच चक्कर मारून घरी गेला होता. आम्ही तिघंही उभे राहिलो. गुरुजींचा आवाज तोवर परतला होता, पण त्या क्षणी पुन्हा गेला. आता ही स्कूटर भंगारात, आणि आम्ही स्कूटरच्या मागोमाग, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

शेटाणीने कार्ड वाचलं. स्कूटरभोवती एक फेरी मारली. मग वाकून इंजिनाच्या पत्र्याला हात लावला.

"गरम हाय."

 काकूंनी उगाच स्टोव्ह पेटवला.

"म्हंजे चालते," शेटाणी म्हणाली. "मला सांगितलं, बंद पडली. आनी हा एकटाच फिरतोय काय सकाळचा?"

"ताई, तसं नाही," मी सुरुवात केली. कुठल्या आवाजात बोलावं तेच सुचेना.

तिने ऐकलंच नाही. स्टँडवर उभ्या असलेल्या स्कूटरच्या मागच्या सीटवर ती एका बाजूला पाय सोडून बसली, पदर नीट केला, पर्स मांडीवर घेतली.

"जावा, बोलवा त्याला."

गुरुजी स्वतः धावत गेले. मी शटर पार वरपर्यंत ढकललं.