मी सुचवलेलं नाव : म. म. मा.

बहात्तरच्या दुष्काळात मी नांदेड स्टेशनावर पार्सल कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. गावाकडं माझ्या बरोबरीची माणसं उन्हात खडी फोडत होती आणि मी पंख्याखाली बसून पावत्या फाडत होतो. त्यामुळं आपण फार हुशार असलो पाहिजे, अशी माझी समजूत झाली होती.

त्या वर्षी धान्याचे आणि कडब्याचे डबे लांबलांबून यायचे. काही डब्यांचा रंग पोपडे धरून सुटलेला असे आणि आताच्या अक्षरांखालून जुन्या रेल्वेची अक्षरं डोकवत. एका डब्यावर तर मी तीन थर पाहिले. आमचे हेडक्लार्क निवृत्तीला आलेले होते. मी विचारलं तेव्हा ते पानाला चुना लावत म्हणाले, "ह्या रेल्वेला त्या रेल्वेनं गिळलं, त्या रेल्वेचे पुन्हा तुकडे झाले. मी संस्थानाच्या रेल्वेत लागलो, मग दुसरीत गेलो, आता तिसरीत आहे. पण खुर्ची हीच."

हे मला फारच आवडलं. पुढची दहा वर्षं मी ते भेटेल त्याला सांगितलं. लग्नाच्या पंगतीत सांगितलं, सलूनमध्ये सांगितलं. लोक उठून जायचे, ते मला त्यांचं अज्ञान वाटायचं.

मग लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नवी बांधकामं. माझ्या मेहुण्याच्या तिथं मालाच्या दोन ट्रका होत्या, त्यांना दम खायला फुरसत मिळेना. त्याच्या ट्रका नांदेडकडं भरून यायच्या आणि रिकाम्या परत जायच्या. भोकरच्या एका गृहस्थाच्या तीन ट्रका होत्या, त्यांचं नेमकं उलटं. दोघांनी ठरवलं, धंदा एक करू. सगळं जुळलं, नावावर अडलं. मेहुण्याच्या ट्रकांवर आमच्या सासुरवाडीच्या कुलदैवताचं नाव होतं, भोकरवाल्यांच्या ट्रकांवर त्यांच्या वडिलांचं.

शेवटी दोघं एका रविवारी माझ्या क्वार्टरवर आले. बायकोनं धपाटे केले होते.

"माझ्या तीन गाड्या हायत, ह्यांच्या दोन," भोकरवाले म्हणाले. "मग माझ्या वडिलांचं नाव आधी यायला पायजे का न्हाई?"

"पण जिल्हा तर आमचा झालाय," मेहुणा म्हणाला. "दाजी, तुमीच सांगा. तुमाला ह्यातलं लई माहीत हाय."

दहा वर्षांत पहिल्यांदा कुणी आपण होऊन मला विचारलं होतं. मी हात धुतले आणि सुरुवात केली. दोन रेल्वे एकत्र आल्या की काय होतं, तर कधी दोघींची नावं मधे 'आणि' घालून जोडतात, कधी थोरलीचं राहतं आणि धाकटीचं पुसलं जातं. पण शहाणपणाची रीत तिसरी. सगळीच जुनी नावं काढायची आणि दिशेवरून नवं द्यायचं. मध्य, दक्षिण, उत्तर. म्हणजे कुणाचाच मान जात नाही.

धपाटे गार झाले. भोकरवाले म्हणाले, "ते सगळं खरं. पण आमचं काय?"

"मध्य मराठवाडा मालवाहतूक," मी म्हणालो. "ट्रकवर लिहायचं, म. म. मा. रेल्वेत असंच लिहितात."

दोघांचीही नावं गेली, म्हणून दोघंही खूश झाले. मी ती माझी मुत्सद्देगिरी समजलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, ह्या मममाचं लोक मामाच करतील की."

"मधे टिंबं असतात," मी तिला जरा तोऱ्यातच सांगितलं.

लातूरच्या पेंटरनं टिंबं दिली होती, पण तिळाएवढी. पंधरा दिवसांत ती धुळीत गेली. महिन्याभरानं मेहुण्याचा स्टेशनावर फोन आला. आमच्या ऑफिसातला फोन सगळ्यांनी ऐकायचा असे.

"दाजी, औशाचा एक व्यापारी माल देईना! म्हणतो, मामा बनवणार हे तुमी गाडीवरच लिहून ठेवलंय, मग मी जाणूनबुजून कशाला बनू? तुमी या बरं इकडं."

सगळं ऑफिस हसलं. मी रजा टाकून पहिल्या एसटीनं लातूर गाठलं. ट्रकच्या अड्ड्यावर पोचलो, तर एक हमाल माझ्या दिशेनं बघून ओरडला, "मामा आले का?"

आमच्याकडं वयानं मोठ्या माणसाला मामा म्हणतातच. एवढ्या उन्हात कुणीतरी आपुलकीनं विचारतंय, याचं मला बरं वाटलं. मी हात वर करून म्हणालो, "हाव, आत्ताच उतरलो."

माझ्या मागून मेहुण्याची ट्रक येत होती. हमाल तिच्याबद्दल विचारत होता. हमाल पोती टाकून हसले.

अड्ड्यावरच्या ऑफिसात मेहुणा कपाळाला हात लावून बसला होता. मी खुलासा सुरू केला की पेंटरनं टिंबं नियमाप्रमाणं दिली असती, तर हे झालंच नसतं. भोकरवाले कोपऱ्यात चहा पीत होते. ते शांतपणे म्हणाले, "टिंबं ऱ्हाऊ द्या दाजी. लोक मामा म्हणतात ना? मग सरळ मामाच लिहू. आपण लपवलं तर ते हसणार. आपणच म्हणलं तर किती दिवस हसतील?"

दुसऱ्याच दिवशी ते औशाच्या व्यापाऱ्याकडं गेले, एक खेप देऊन बघा म्हणाले, त्याच्याच दुकानातला माल ट्रकमध्ये घातला आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून नांदेडपर्यंत आले. पोतं न् पोतं उतरवून पोच औशाला नेऊन त्याच्या हातात दिली. असं त्यांनी आठ-दहा खेपा केलं. पुढं त्या माणसानं दुसऱ्या कुणाकडं माल दिला नाही. बिल्टीवर, दारावर, ट्रकच्या पाठीवर, सगळीकडं मोठ्या पिवळ्या अक्षरात 'मामा' झालं आणि धंदा वर्षानुवर्षं नीट चालला. यात माझा वाटा किती, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

काही वर्षांनी लातूरजवळच्या मुरुडचा एक तिसरा भागीदार त्यांच्यात आला. चार ट्रकांचा मालक. मला त्या दिवशी जेवायला बोलावलं होतं. मी खास इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. जेवणं झाली, पानं झाली, नावाचा विषयच कुणी काढेना. शेवटी न राहवून मीच मेहुण्याला बाजूला घेतलं.

"नावाचं काय ठरलं?"

"नावाचं काय ठरायचं, दाजी? हाय तेच. मुरुडवाले म्हणले, मामा नाव हाय म्हणूनच तर आलो."

"बरं बरं," मी म्हणालो. शर्टाच्या खिशात मी तीन नावं लिहून आणली होती. त्यातलं एक मला खरोखर चांगलं वाटत होतं. मी खिशावर हात ठेवला आणि आणखी एक पान मागितलं.