दत्ताने निवडलेले दिवे

"भाऊ, आज गाडी काढू नका." दत्ताच्या बायकोचा, वनितावहिनींचा फोन आला तेव्हा मी रोडपालीत, आमच्या सोसायटीखाली गाडीची काच पुसत होतो. दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा, माझ्या मित्राला, दत्ताला, गव्हाणहून पनवेलला डायलिसिससाठी नेत होतो. "मग उद्या येऊ?" मी विचारलं. "आता नका येऊ, भाऊ," त्या म्हणाल्या... तेव्हा कळलं, दत्ता गेला. खरं सांगायचं तर रडू आलं नाही. गाडीत जाऊन बसलो, आणि कितीतरी वेळ उठवेचना.

दत्ता पाणबुड्या होता. जेट्टीचे खांब तपासायचे, जहाजांच्या तळाला चिकटलेली कालवं खरवडायची, हे त्याचं काम. खाडीच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, सगळं चाचपून करायचं. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारातला कारकून. हौस म्हणून स्कूबा शिकायला गेलो, तिथे तोही सर्टिफिकेटसाठी आला होता. पुढे दोघं मिळून मालवणला गेलो. खाली खडकावर पंख्यासारखं काहीतरी राखाडी उगवलं होतं. शिक्षकाने त्यावर टॉर्च धरला आणि ते लालभडक झालं. खोलवर लाल रंग पाणीच गिळून टाकतं, दिवा नेला तरच तो परत मिळतो. होडीत आल्यावर दत्ता पुन्हा पुन्हा वाकून पाण्यात बघत होता. मग म्हणाला, "बावीस वर्सं पाण्यात काडली रं. पाणी आज पायलं."

तेव्हापासून त्याला व्हिडिओसाठी दिवे शोधायचं वेड लागलं. कारण एकच. वहिनी समुद्रात कधी गुडघाभरही उतरल्या नव्हत्या. "तिला वाटतं, मी रोज काळोखात जातो," तो म्हणायचा, "तिला ह्यो रंग दावायचाय." मला वाटे, सगळ्यात प्रखर दिवा घ्यावा. त्याने अंगणातल्या पिंपात खाडीचा मूठभर चिखल कालवला, वहिनींच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा तळाला सोडला आणि माझा टॉर्च पाण्यात बुडवून लावला. कणन् कण चमकला, पाण्यात पीठ उधळल्यासारखा. कापडावर मधोमध नुसता पांढरा ठिपका. "जास्त उजेड नको," दत्ता म्हणाला, "पसरट पायजे. आनि कॅमेऱ्याला चिकटून नाय, दोनी बाजूंना हातभर लांब."

दिवे ठरायच्या आत त्याच्या किडन्या गेल्या. पाण्यात उतरणं संपलं. तरी डायलिसिसच्या खाटेवर, एका हातात सुया आणि दुसऱ्या हातात मोबाइल, त्याचं चालूच... कुठला दिवा किती पसरतो, बॅटरी किती टिकते. एका दुपारी मी फार थकलो होतो. तोंडातून निघून गेलं, "कशाला बघतोस हे? जाणार आहेस का तू आता पाण्यात?" त्याने मोबाइलवरून नजरही काढली नाही. "मी नाय. तू जाशील," म्हणाला. "ह्यो बघ. उजेड बेताचा, पन सारका पसरतोय. याची जोडी मागव."

मालवणच्या पहिल्या खेपेला मी दोन्ही दिवे सरळ समोर रोखले. व्हिडिओ बघून तो हसला, "पीठ चाळाया गेलतास काय?" आणि मला परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला त्याने सांगितल्याप्रमाणे दिव्यांची तोंडं जराशी बाहेर वळवली, उजेडाची फक्त कड त्या पंख्यावर पडू दिली. पाणी स्वच्छ दिसलं, पंखा लाल दिसला. वहिनींनी त्याच्या खाटेपाशी उभं राहून तो व्हिडिओ तीनदा पाहिला. "येवडं लाल? आनि तुमी कदी सांगितलं नाय?" दत्ता म्हणाला, "मलाच कुटं ठावं होतं." त्या बाहेर गेल्यावर त्याने डोळे मिटले. "दमलास ना रं?" मी हो म्हटलं. "मी पन," तो म्हणाला. नवव्या दिवशी वहिनींचा तो फोन आला.

दिवे आता माझ्याकडे आहेत. त्यांच्या झाकणाखाली एक बारीक रबरी कडी असते. तिच्यावर एखादा केस जरी राहिला तरी पाणी आत शिरतं. टॉर्चची अशीच कडी दत्ता कधी भिंगाखाली बघत नसे. डोळे मिटून बोटांच्या चिमटीत हळूहळू फिरवायचा, पूर्ण फेरा होईपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. गेल्या रविवारी मी या दिव्यांची कडी घेऊन बाल्कनीत तसाच बसलो. कडी साफ होती. तरी आणखी एकदा फिरवली.