घंटेनंतरचे दोन शब्द

सोनूकाकांना इंग्रजीचे फक्त एकवीस शब्द येत होते, आणि त्यांतले शेवटचे दोन मी दिले होते.

आज काकांची दशक्रिया झाली.

काका आमच्या हायस्कूलचे शिपाई. किन्हवलीच्या पलीकडची ती मराठी माध्यमाची शाळा; तेव्हा इंग्रजी पाचवीत सुरू होई. पाचवीच्या वर्गाबाहेर काकांचे स्टूल आणि स्टुलाच्या डोक्यावर घंटा. घंटा म्हणजे व्हरांड्याच्या वाशाला टांगलेला रुळाचा तुकडा.

मधल्या सुट्टीआधीच्या तासाला सर आमच्याकडून ‘डबल ई’चे शब्द म्हणून घेत. रोज. सुरात.

बी, बी म्हणजे मधमाशी.
सी, सी म्हणजे पाहणे.
फी, फी म्हणजे शुल्क.

असे एकवीस.

काकांचा शाळेच्या घड्याळावर विश्वास नव्हता, यादीवर होता. एकोणिसावा शब्द ‘स्लीप’. तो आला की काका उठत आणि टोले देऊ लागत.

सर काटेकोर. यादी पुरी झाल्याशिवाय वर्ग सोडत नसत. त्यामुळे उरलेले दोन शब्द आम्ही टोल्यांच्या गजरात ओरडून म्हणत असू आणि हसत बाहेर पळत असू.

ते दोन शब्द सगळ्या शाळेत एकाच माणसाला कधी ऐकू आले नाहीत.

मी वर्गात पहिली येत असे आणि बोलत नसे. हजेरीतले माझे ‘हजर’सुद्धा शेजारची मैत्रीण म्हणून टाकी.

एकदा मधल्या सुट्टीत मी पुस्तक घेऊन व्हरांड्यात बसले होते. काका जवळ आले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले,

“तुला एक इचारू गो? तू बोलत नायस, म्हणून तुलाच इचारतो. कुनाला सांगनार नायस.”

मी मान हलवली.

“स्लीपच्या फुडं काय हाय?”

मी वही उघडून पुढे केली.

“मला कुठं इंग्रजी वाचता येतं? बोल.”

बोलायचे म्हटल्यावर माझा घसा मिटला. काका समोर उकिडवे बसून राहिले. त्या दिवशी मधली सुट्टी चांगली लांबली, कारण घंटा देणारा माणूस माझ्या तोंडाकडे पाहत बसला होता.

“सीड,” मी अखेर म्हणाले. “सीड म्हणजे बियाणे. वीड, वीड म्हणजे तण.”

“तण?”

मी पुन्हा मान हलवली.

“आयला! पोरां रोज हसत बाहेर पडतात. मला वाटलं, कायतरी चावट असंल! इतकी वरसां थांबलो, नि निघालं तण! ते तर माझ्या शेतात हाय!”

मग स्वतःच समजूत काढत म्हणाले, “पन बरोबर हाय. ही डबल ईवाली सगली एक भावकी. आडनाव एक. म्हनून काय सगली सारखी निघतात? एक मधमाशी, एक गुडघा, एक तण. आमच्या भावकीत पन असंच हाय.”

शब्द आणि अर्थ यांच्या नात्याविषयी इतके नेमके मी पुढे एम.ए.लाही ऐकले नाही.

त्याच वर्षी सरांनी मला शहापूरला शब्दांच्या तोंडी स्पर्धेला पाठवायचे ठरवले. माझे मार्क पाहून; माझा आवाज त्यांनी ऐकलेलाच नव्हता. सोबतीला काका.

परीक्षक बाईंनी विचारले, “नी?”

माझे दोन्ही गुडघे लटपटत होते, तरी अर्थ आठवेना. मला एकवीस शब्द येत होते. त्यांतला सुटा एक येत नव्हता. ओळीने म्हणायची सवय.

बाईंनी पेन उचलले.

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून आवाज आला, “बीपासून घे गो!”

सगळा हॉल हसला. मलाही हसू आले आणि हसताना घसा उघडला. बी, सी, फी, ट्री, फ्री करत, अर्थांसह, मी गुडघ्यापर्यंत पोहोचले.

“अगं, मी एकच शब्द विचारला होता,” बाई म्हणाल्या.

“बाई, तो एकटा येत नाय,” खिडकी म्हणाली. “भावकी घेऊन येतो.”

बक्षीस मिळाले नाही. मात्र परतीच्या एसटीत मी शहापूरपासून जी बोलत सुटले, ती थांबेना. शेवटी काकाच म्हणाले, “आता जरा गप बस गो.”

आज नदीकाठी श्रद्धांजलीची भाषणे झाली. पाच जणांनी काकांना ‘मनमिळाऊ’ म्हटले. मग कोणीतरी म्हणाले, “आता मॅडम दोन शब्द बोलतील,” आणि माइक माझ्या हातात दिला. मी आता कॉलेजात शिकवते. बोलणे हा माझा व्यवसाय आहे.

माझा घसा मिटला. अगदी पाचवीतल्यासारखा.

लोक वाट पाहत होते. मी माइक परत देणार, तोच बायकांच्या रांगेतून काकी, काकांच्या पत्नी, म्हणाल्या,

“बीपासून घे गो.”

मी घेतले.

फीपर्यंत मी एकटी होते. ट्रीला मागून दोन आवाज आले. नीपर्यंत अर्धा घाट म्हणू लागला. सगळे त्याच पाचवीतून गेलेले. भटजी दर्भ हातात धरून थांबले. त्यांचेही ओठ हलत होते. तेही आमच्याच शाळेचे.

‘स्लीप, स्लीप म्हणजे झोपणे’ झाले आणि सगळे सवयीने थबकले.

घंटा झाली नाही.

सीड, सीड म्हणजे बियाणे.
वीड, वीड म्हणजे तण.

पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आले. आणि सगळे, सवयीनेच, हसले. काकीसुद्धा.

सोनूकाका, तुम्हाला एकवीस शब्दांची भावपूर्ण श्रद्धांजली.

अर्थांसह.